खिळ्यावरची तिसरी किल्ली

नाही म्हणजे नाही, एकदा सांगितलं ना — दोनच किल्ल्या. कुलूप मी बसवलं, दोन किल्ल्या तुझ्या आत्याच्या हातात दिल्या, एक तिनं ठेवली, एक भावाला दिली, म्हणजे तुझ्या बापाला, झालं. एकोणीस वर्षांपूर्वी पोलिसांना हेच सांगितलं, कोर्टात हेच सांगितलं, आता तुला वेगळं काय सांगू? — तो कागद आत ठेव, तेल लागेल त्याला. मला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि दिसत असतं तरी वाचला नसता. काय लिहिलंय ते तूच बोललीस की — त्या घराला तिसरी किल्ली असू शकते असं मी सांगतो, आणि खाली माझी सही. वा! बाप दवाखान्यात पडलाय, डॉक्टर म्हणतो आठवडा काढला तर काढला, आणि त्याला डोळे मिटायच्या आधी बघायचंय की बहिणीला त्यानं मारलं नाही असं कुणीतरी लिहून दिलंय. बघू दे ना. तूच दे लिहून, तुझ्या हाताला काय लकवा झालाय? — हां. मुलगी आहेस. मुलीच्या शब्दाला कोण विचारतो. खरंय. मग मी कोण लागून गेलो?

बस. त्या स्टुलावर नको, पाय मोडलाय त्याचा, खोक्यावर बस. माझी कानस चालू राहील, तुझ्यासाठी काम थांबवणार नाही. आणि तोंड पाडू नकोस. तोंड पाडलेली माणसं मला आवडत नाहीत, तुझा बाप तसाच होता, जन्मल्यापासून कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा. त्याच्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं बंद झालं तर हा बाबा दुकान बंद करून घरात जाऊन बसला. अरे, मारलं नाहीस ना? मग दारात उभा राहा, शिव्या दे, दगड मार! नाही. खिडक्या लावून बसला.

तुला काय आठवतंय त्यातलं? फ्रॉकमध्ये होतीस. नऊ दिवसांत दोन बायका गेल्या. दोघींचं नाव एक, आडनाव एक, वयही आगेमागे. एक पोस्टात खिडकीवर बसायची — तिची तर जन्मभराची तक्रार, माझी पत्रं त्या शिवणवालीकडे जातात म्हणून, स्वतः पोस्टात असून! — आणि दुसरी ती शिवणवाली, तुझी आत्या. दोघी एकट्या राहणाऱ्या, दोघी भरदुपारी आपापल्या घरात गळा दाबून मारलेल्या, आणि दाराला बाहेरून व्यवस्थित कुलूप. कुलपावर ओरखडा नाही. घरातली सुईसुद्धा हललेली नाही. मग काय, गावाला सहा महिने दुसरं काम नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे, नावालाच शाप आहे. त्या नावाची तिसरी एक होती, न्हाव्याची सासू, तिनं घाबरून कचेरीत जाऊन नाव बदलून घेतलं. त्याच वर्षी गेली. शहाऐंशी वर्षांची होती, झोपेत गेली, तरी लोक म्हणतात बघा, नाव बदलूनही सुटली नाही. अशी अक्कल! अशा लोकांच्या दारांना मी जन्मभर कुलपं लावली. कशाला लावली, आत चोरण्यासारखं काय होतं, डोक्यात तर काहीच नव्हतं.

आणि पोलीस! तो जाडा इन्स्पेक्टर, खुर्चीतून उठला की खुर्ची त्याच्याबरोबर उठायची. साप म्हणून भुई थोपटत बसला वर्षभर. दोघींमधलं नातं शोधत होता. एका शाळेत होत्या का, एका दवाखान्यात जन्मल्या का, एकाच माणसाशी दोघींचं लग्न ठरलं होतं का. भिंतीवर कागद चिकटवून एकीकडून दुसरीकडे दोरे ताणले होते म्हणे — कपडे वाळत घालणार होता? काही सापडलं नाही, तेव्हा मग किल्ल्या मोजल्या. तुझ्या आत्याची एक तिच्या पिशवीत, दुसरी तुझ्या बापाच्या खिशात. बाहेरून कुलूप. मग भावानंच मारली, सोपं! आणि पोस्टवालीला कुणी मारलं? तर म्हणे तिलाही यानंच मारलं, लोकांची दिशाभूल करायला. सरकारी वकील उभा राहून बोलला हे, चष्मा पुसत. ज्यानं त्याला वकिली शिकवली त्याला आधी फाशी द्यायला पाहिजे. जज्ज निदान शुद्धीवर होता, त्यानं सोडला. पण गावानं सोडला का? जज्जापेक्षा गाव मोठं.

अगं, शेंबड्या पोराला कळेल. नातं कसलं शोधता? मारणाऱ्याला हवी होती एक. नाव तेवढं माहीत. पहिल्यांदा गेला तो भलतीकडे. पोस्टवाली चुकून मेली. घरी नव्हती ती, हा आत जाऊन बसला असणार दुसरीची वाट बघत, पडदे ओढून. ही आली जेवायच्या सुट्टीत, बघते तर घरात परका माणूस. ओरडली असणार. मग काय करणार तो? नंतर कळलं, ही ती नव्हे. मग बरोबर ठिकाणी गेला. एवढंच आहे, याला दोरे कशाला लागतात? बिल्ल्यावर नाव एकच, कुणाचाही घोटाळा —

कुठला बिल्ला? मी बिल्ला म्हणालो? दारावरची पाटी म्हणायचं होतं मला.

बघतेस काय अशी? कान तेवढे तीक्ष्ण. कागद लिहायला लावतेस आणि कान टवकारून बसतेस. बरं, म्हणालो असेन. ऐक, मी काही कुणाचं चोरलेलं नाही. तू ऐकलं असशील, सगळं गाव सांगतं — या म्हाताऱ्याला प्रत्येक कुलूप तोंडपाठ आहे, किल्ली हरवली तरी कुलूप आणावं लागत नाही, नुसतं नाव सांगा, पडद्यामागे जातो आणि दहा मिनिटांत आठवणीतून किल्ली घासून आणतो. बाहेरगावचे मिस्त्री बघायला यायचे मला. मुका बसायचो मी, काही सांगायचो नाही. आठवणीतून किल्ली! काय डोकं आहे की काय आहे? मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही. कुलूप बसवलं की तिसरी किल्ली मी आधीच घासलेली असायची. आत पडद्यामागे फळीवर खिळे, खिळ्याला किल्ली, किल्लीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नाव कोरलेलं. गिऱ्हाईक आलं की मी आत जायचो, एका रद्दी पत्र्यावर दहा मिनिटं खरडखरड कानस घासायचो, मग खिळ्यावरची काढून फुंकर मारत बाहेर यायचो, जशी काही आत्ताच भट्टीतून काढली. हसतेस? नाही हसत? हसायला हरकत नाही. सगळ्या गावाला मी साठ वर्षं हसलो.

म्हणजे मग हो. होती तिसरी. सगळ्यांचीच होती. इन्स्पेक्टरच्या घराचीसुद्धा होती.

तो परका माणूस आला तेव्हा चकाचक बूट घालून आला. मला बुटांवरूनच राग आला. म्हणाला, उस्ताद, बहिणीची किल्ली हरवलीय, तुमचं नाव फार ऐकलंय. बहिणीचं नाव सांगितलं. आणि वर म्हणतो, घर कुठल्या गल्लीत तेही सांगा, मी पहिल्यांदाच आलोय. आता बहिणीचं घर माहीत नसलेला भाऊ — कळायला पाहिजे होतं. पण तो उस्ताद म्हणाला ना. आत गेलो, पत्रा घासला, हाताला आलेली पहिली काढली, नाव बरोबर होतं, बाजारामागची गल्ली सांगितली. त्यानं टाळी वाजवली. खरंच टाळी वाजवली, नाटकाला वाजवतात तशी. तुझी आत्या आधी कुठं राहायची, तिथून कुणाला टाकून इथं आली, मला माहीत नाही. तुझ्या बापाला माहीत असेल. नवरा असेल कुणी. बायकांच्या भानगडी मी विचारत नाही.

मग परत आला? आला ना. चौथ्या दिवशी. त्या सकाळी पोस्टवालीला नेलं, याच रस्त्यानं नेलं, मी शटर अर्ध्यावर ओढून उभा होतो, रीत म्हणून. लोक पुढे गेले आणि हा शटरखालून वाकून आत आला. हातावर नखांचे ओरखडे, ताजे. आवाज मात्र थंड. म्हणाला, चुकीची दिलीत. मी म्हटलं, माझी किल्ली चुकीची? चाळीस वर्षांत माझी किल्ली कुणी परत आणली नाही. कुलपात गेली की नाही? गेली. फिरली की नाही? फिरली. मग चुकीची कशी? तर म्हणतो, किल्ली बरोबर होती उस्ताद, बाई चुकीची होती. या नावाची दुसरी कुणी आहे का?

काय केलं म्हणजे? आत गेलो.

मागच्या दारातून चौकी किती लांब आहे माहितीय? पाचशे पावलं. जाऊन परत आलो असतो. मी पत्रा घासत बसलो. दहा मिनिटं. तिसरी किल्ली समोर खिळ्यावर, आणि मी पत्रा घासतोय, आणि तो बाहेरून हाक मारतो — काय उस्ताद, आठवलं का? — आणि मी म्हणालो, आठवलं.

घाबरलो होतो असं लिहायचंय तुला? नको लिहूस. घाबरलो नव्हतो. घाबरलो असतो तर पळालो असतो. त्याला वाटेल, म्हाताऱ्याला आठवेना, एवढंच होतं डोक्यात त्या वेळी. आता थुंक तोंडावर. त्यानंतर पाच दिवस होते, तुझ्या आत्याकडे जाऊन कुलूप बदलून आलो असतो, फुकट. रोज सकाळी हत्यारांची पिशवी भरली. रोज कुणीतरी गिऱ्हाईक आलं. आमची ही मागच्या खोलीत होती त्या दिवशी. तिनं पडदा सरकवून पाहिलं मला, पत्रा घासताना. काही बोलली नाही. तुझी आत्या गेल्यावरही बोलली नाही. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, बोलायची नाही. चार वर्षं. मग गेली. शेवटच्या दिवशी वाटलं आता तरी शिवी देईल, तर पाणी मागितलं तेही शेजारणीकडे.

पोलिसांनी विचारलं, किल्ल्या किती? दोन. कोर्टात तुझ्या बापाला विचारलं, किल्ल्या किती? तो म्हणतो दोन, एक माझ्याकडे. येडाच आहे! हरवली होती म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? खरं बोलायचं म्हणे. खरं बोलून कुणाचं भलं झालंय? मी दोन बाकं मागे बसलो होतो, तो माझ्याकडे वळून हसला, बघा, तुम्हीही तेच सांगितलंत, अशा अर्थानं. आधार वाटला असेल गाढवाला.

नाही. सही नाही करणार. रडलीस तरी नाही. माझं आता दुसरं काय राहिलंय? बायको नाही, दात नाहीत, गुडघा वाकत नाही. उस्ताद म्हणतात अजून लोक. हा कागद गेला की उद्या सगळं गाव दारात, आमच्या घराच्या किल्ल्या द्या म्हणून, आणि परवा पोलीस. आणि कुणासाठी? जो आठवड्याभरात जाणार त्याच्यासाठी? मेल्यावर माणसाला लाज नसते, पोरी. लाज जिवंतपणी असते, ती मला विचार.

जा, सांग गावाला. जा ना, सांग, म्हाताऱ्यानं कबूल केलं म्हणून. कोण ऐकेल? तूच म्हणालीस, मुलीच्या शब्दाला कोण विचारतो. तू आणि मी, तिसरं कोण होतं इथं? मी उद्या म्हणेन, ही बया रडत आली, पाणी पाजलं आणि लावून दिली. माझ्या शब्दाला या गावात —

आणि तुम्ही? घड्याळवाले, तुम्ही कधीपासून उभे आहात दारात? या कानशीच्या आवाजात माणसाला कळत नाही कोण आलं, कोण गेलं. — किल्ली न्यायला. तयार नाही. उद्या या. — उद्या या म्हटलं ना. आम्ही आपलं जुनं काहीतरी बोलत होतो, मुलीचा बाप आजारी आहे, तिला जरा... तुम्ही कशाला खाली बसताय तिच्याजवळ? अहो, तो कागद तिचा आहे. घरगुती आहे. तुमचा काय संबंध? — चष्मा कशाला लावताय? खिशातलं पेन ठेवा ते. घड्याळवाले, तीस वर्षांची ओळख आहे आपली. तुम्ही काही ऐकलेलं नाही. ठेवा म्हणतो ना ते पेन.

दुकान बंद झालंय. उठा दोघं.

उठा.