टोपी खुंटीला असेपर्यंत

राहीबाई — थांब गं बाई. माझ्या भिंतीवरल्या चौकटीला मोबाईल दावला, झाली व्हय तुझी गस्त?

अश्विनी — झाली, आजी. कोड स्कॅन केला की ठाण्यात कळतं, मी गावात येऊन गेले.

राहीबाई — ठान्याला कळलं. गावाला कवा कळायचं? आमचे बन्सी जमादार सायकलीवर यायचे. आदी टोपी काढून पडवीतल्या खुंटीला आडकवायचे, मग च्या. टोपी खुंटीला हाय तवर बोललेलं घरातलं. कागदावर न्हाई जायाचं.

अश्विनी — आणि टोपी घातली की?

राहीबाई — की फिर्याद. आदी इचारायचे, "वैनी, घालू का?" माजा दीर पिऊन जावंला मारायचा. तिनं चार म्हैने न्हाईच म्हनलं. पाचव्याला सोताच खुंटीवरली टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

अश्विनी — आता ऐकलं की नोंद करावी लागते, आजी.

राहीबाई — ठावं हाय. म्हनून तर सांगत न्हाई.

अश्विनी — काय सांगत नाही?

राहीबाई — काय न्हाई. लई याद येती त्या मानसाची. वारले तवा निम्मं गाव टेम्पो करून पारनेरला मातीला गेल्तं. पोलिसाच्या मातीला कोन जातं, सांग बरं?

(पडवीतली खुंटी कधीच निघाली होती. अश्विनीनं डोक्यावरची टोपी काढली, ओट्यावर ठेवली आणि शेजारी बसली. किती वर्षांनी खाकीतलं माणूस दारात टेकलं होतं.)

राहीबाई — नात हाय माजी, रेश्मा. एकोनीस सरलं. फाट्यावर एक पोरगा तिला गाडी आडवी लावतो. पंदरा दिस झाले, कालेज बंद. पोरगा पावन्यातला, म्हनून बाप गप. ठान्यात जावं तर गाव पोरीलाच नाव ठेवंल. रेश्मे, भाईर ये गं. बाई टोपी काढून बसल्यात. घरातल्यावानी बोल.

रेश्मा — घरातल्यासारखं घरात बोललेच ना, आजी. काय उपयोग झाला?

अश्विनी — मग मी काय करू, तू सांग.

रेश्मा — उद्या सकाळी सातच्या एसटीला फाट्यावर याल?

अश्विनी — येईन. साध्या कपड्यात येते, म्हणजे गावात चर्चा होणार नाही.

रेश्मा — नको, मॅडम. वर्दीतच या. आणि माझ्या शेजारी उभ्या राहा.