न सरकणारी खुर्ची

लिलावघराचं दार उघडायला अवकाश होता. रांगेत माझ्यापुढे साठीपलीकडचे बहीणभाऊ होते.

“दादा, काचेतून दिसतेय ती खुर्ची तीच का रे?”

“तीच. बाबांच्या शिल्पकार मित्रानं स्वतःच्या हातांनी लोखंडातून घडवलेली. पाठ बघ, गॅसकटरनं कापलेल्या कडा तशाच ओबडधोबड ठेवल्यात.”

“त्या कडांनी माझे किती फ्रॉक फाडले! आई नुसती वैतागायची.”

“आणि बाबा खूश. म्हणायचे, पोरं रुसली तरी ताटावरून उठायची नाहीत, ही खुर्ची त्यांच्याच्यानं सरकणारच नाही.”

“खरंच. गाल फुगवून बसायचे मी. मग भूक लागली की मुकाट्यानं जेवायचे.”

“घर विकलं तेव्हा चार खुर्च्या चार दिशांना गेल्या. तीन शोधून आणल्या. ही तुझी.”

“आता कशाला हा खटाटोप? राहतोस एकटा, त्यात तुझी ती कंबर. एवढं लोखंड सरकवणार कोण?”

“सरकवायचंय कुणाला? येतेस तेव्हा उभ्याउभ्या चहा घेतेस आणि पळतेस. हिच्यावर बसलीस की जेवल्याशिवाय उठता यायचं नाही.”

“दार उघडलं बघ. आत हात वर करायला कचरू नकोस.”