निसर्ग मंडळाची शपथ

रत्नागिरीच्या स्टँडवर गुहागर गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावर एका हायस्कुलातले सर आणि बाई बोलत होते.

"बाई, तुम्ही इथे पेपर तपासत बसलात आणि तिकडे आपल्या निसर्ग मंडळाने माझा कोयता लपवला."

"अगबाई! कशासाठी?"

"भाताच्या रोपाची जमीन भाजायची तर वर पसरून पेटवायला कवळ नको का? म्हणून ऐनाची टहाळं तोडायला गेलो. तर झाडाखाली पोरं बसलेली. म्हणे, फांदी तोडायची नाही, सर, तुम्हीच शपथ दिलीत."

"दिलीतच मुळी. मी लिहिलं होतं 'झाड तोडणार नाही'. 'फांदी' तुम्ही घुसडलीत."

"वनीकरणाचे साहेब समोर होते हो. जरा जोर आला."

"मग सांगायचं, ऐन छाटला तरी पुन्हा फुटतो."

"सांगितलं. तर एक म्हणते, मग शपथेत तसं का नाही घातलंत?"

"कोण हो ही?"

"तुमची शैला."

"धीट आहे हो माझी पोर! शिकवतो तसं वागायला नको का आपण?"

"वागलो ना. मग पोरांनीच टोपल्या भरभरून सुका पाला आणला. काल जमीन भाजूनही झाली."

"बघा! पण एवढा पाला मिळाला कुठे?"

"तुमच्या पोफळींच्या बुडाशी."

"काय? अहो, उन्हाळाभर ओल राहावी म्हणून घातला होता तो!"

"मी म्हटलं तसं. तर शैला म्हणाली, शपथेत पाल्याचं काही नाही. बागेच्या फाटकाचं बेडं तिनेच उघडलं."