अंबाल्याच्या कार्डिगनच्या बाह्या

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच माझ्या बहिणीकडे बोट दाखवायला नको... दोष भाईंचा. भाई म्हणजे माझे थोरले काका, वीस वर्षं मुंबईच्या गिरणीत काढून मालवणात परत आलेले, आणि वडील वारल्यापासून आमच्या घराचे, आमच्या होडीचे आणि आमच्या अकलेचे मालक. भाई बोलले म्हणजे बोलले.

आता तुम्हीच सांगा, मालवणात स्वेटर कुणाला लागतो? इथे पौषातसुद्धा माणूस उघडा झोपतो. पण विमलाला, माझ्या धाकट्या बहिणीला, देवगडचं स्थळ आलं, मुलगा पलटणीत, अंबाल्याला, आणि मुलाची आई यमुनाबाई सहज बोलून गेली, "थंय थंडी मरणाची. चेडवाक विणकाम येता काय?" विमलाला क्रोशावर दाराचं तोरण करता येतं, तेवढंच सांगायचं की नाही? तर भाई म्हणतात, "विणकाम? आमचा चेडू कार्डिगन करता, बटणांचो. म्हयन्यान येवा, जावयाचो तयार आसतलो." कार्डिगन त्यांनी गिरणीतल्या साहेबाच्या अंगावर पाहिलेला, तोही लांबून. पण भाई बोलले म्हणजे बोलले.

बिचारीने महिनाभर खपून पाठ केली, पुढचे दोन भाग केले, सरळच्या सरळ, चटईसारखे. बाह्या तेवढ्या राहिल्या, आणि रविवारी बांगडे कापताना विळीवर बोट कापलं, खोल. यमुनाबाई येणार शुक्रवारी. शेजारणीकडे द्यावं तर सकाळच्या मासळीआधी बातमी देवगडला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझं नशीब उघडलं होतं, तुम्हाला सांगतो. नववीतून मी शाळा सोडली, इंग्रजी मला जमेना आणि मास्तरांना मी जमेना, तेव्हापासून तीन वर्षं अख्खा गाव मला 'रिकामो' म्हणतो. तर गुणाजीमामाचं पत्र आलं, आईचा भाऊ, मोठ्या जहाजावर सारंग आहे, खलाशांचा मुकादम, की धोंडूला गुरुवारच्या आगबोटीने मुंबईला पाठवा, शनिवारी खलाशांची भरती, एक जागा मी धरून ठेवलीय, उशीर झाला तर दुसऱ्याला घेतील. माझी पेटी रविवारीच भरून तयार.

भाईंनी ती पेटी पाहिली, विमलाचं बोट पाहिलं, आणि म्हणाले, "धोंडू करतलो बाह्यो."

मुलग्याने विणायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "भावजी, तो झील मा?"

"झील तर काय झाला? जाळा विणता मा? बाही म्हणजे काय गो, जाळ्याची शेपटी. वर रुंद, खाली अरुंद."

आणि राग मला इथेच येतो, कारण म्हातारा बरोबर बोलला होता. दोन घरं एकात घेत घेत जाळं निमुळतं करत न्यायचं, हे मी दहाव्या वर्षापासून करतोय. मग काय, माजघराचं दार लावून बसलो, होडी ओढणाऱ्या या हातात ती क्रोशाची सुई, नाकातला केस उपटायला घेतल्यासारखी, आणि समोर बोटाला चिंधी बांधून विमला, माझे टाके मोजत. "दादा, खांब घाल... एक सोडलंस... परत सोडलंस." "तू गप बस, नाय तर मी उठतंय." सोमवारी एक बाही, मंगळवारी दुसरी. झाल्या की नाही? बुधवारी जोडायच्या, गुरुवारी मी बोटीवर. पण नाही. भाई आले, वितीने मापलं आणि म्हणाले, "वीतभर वाढय. नवा सूत, पयल्या पाण्यात आखडतला."

जाळ्याचं सूत आखडतं हो, म्हणून जाळं वाढतं धरतात. मी म्हटलं, "भाई, ता सूत. ही लोकर."

"मेल्या, नववी नापास, तू माका शिकवतंस? वीस वर्सां गिरणीत काय मी गवत कापलंय?"

भाई गिरणीत फाटकावर होते. सूत त्यांनी बाहेर जाताना पाहिलेलं. पण भाई बोलले म्हणजे बोलले... वाढवलं वीतभर. बुधवारी कार्डिगन जोडला, भाईंनी स्वतः भिजवला, आणि जाळी सुकवायच्या बांबूवर टांगला, दोन्ही मनगटांना धरून, पाणी गळतंय, ओल्या लोकरीचं वजन खाली ओढतंय. संध्याकाळी बाह्या गुडघ्यापर्यंत. भाई म्हणाले, "सुकल्यार वर येतला." गुरुवारी सकाळी सुकला. आणखी खाली आला.

"उसव," भाई म्हणाले.

आगबोट दुपारी बाराला. मी म्हटलं, मी चाललो. तर म्हणतात, "बोट परत येतली. यमुनाबाय परत येतली काय?" आई पेटीकडे बघत राहिली. विमलाच बोलली, "दादा, तू जा. मी सांगतंय तेंका, माका येणा नाय म्हणान." रडत नव्हती, शप्पथ, नुसतं कापलेलं बोट धरून उभी होती. तेव्हा उठलो असतो तर... नाही उठलो. बसलो आणि उसवायला घेतलं. भाईंनी मोठ्या उदारपणे शेजारच्या सहदेवाकडे चिठ्ठी दिली, तो त्याच बोटीने मुंबईला निघालेला, की मामाला दे, धोंडू पुढल्या बोटीने येतो. बोटीचा भोंगा झाला तेव्हा मी दुसऱ्यांदा विणत होतो, पहिल्या बाहीच्या कोपराशी.

शुक्रवारी यमुनाबाई आल्या, कार्डिगन मांडीवर घेतला, हात फिरवला. "आंग आसा तसा. पण बाह्यो गो... ह्यो कोणी शिकवल्यान तुका?" विमलाने माझ्याकडे पाहिलं, मी आढ्याकडे पाहिलं, आणि भाई म्हणाले, "घराण्यातच आसा." लग्न ठरलं. सगळे खूश, आणि विमलासाठी मीही खूश, ते नाही म्हणत नाही मी.

मामाने चिठ्ठी वाचली. पण जहाज काय चिठ्ठी वाचून थांबतं? रांगेत एक माणूस कमी, समोर सहदेव उभा. घेतला. परवा त्याचं पत्र आलं, लिव्हरपूलहून, इथे थंडी फार, विमलाच्या हातचा एक कार्डिगन मिळेल का? भाईंनी उलट टपाली 'पाठवतो' म्हणून कळवलंसुद्धा.

माझी जहाजावरची जागा गेली. मामाने दुसरी धरली नाही.