दुखणं नेणारा शब्द

आर्मेनियातल्या ग्युमरी शहरात, दातांच्या दवाखान्यात नवार्द आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी दोघी म्हाताऱ्या बहिणी. धाकट्या शोगिकचा गाल टम्म सुजलेला. तिने नुकताच फोन ठेवला, तशी थोरलीने विचारलं,

"काय म्हणाला तुझा लाडका लेक?"

"त्सावद तानेम, म्हणाला. मॉस्कोहून."

"तुझं दुखणं मी नेतो? मग ने म्हणावं. दाढ तर इथेच आहे."

"ताई, बोलायची पद्धत असते ती. सगळेच म्हणतात."

"म्हणतात ना. भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो. परवा वीज तोडायला आलेला माणूससुद्धा म्हणाला, आणि तोडून गेला. फुकटचा झालाय शब्द."

"आपली आई नाही म्हणायची?"

"आई जन्मात एकदाच म्हणाली. तुला घटसर्प झाला होता तेव्हा, तुझ्या उशाशी बसून."

"हे कधी बोलली नाहीस मला."

"काय बोलायचं? आठवड्यात तू उठून खेळायला लागलीस. तिने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही."

शोगिकने लेकाला पुन्हा फोन लावला.

"हराच, मघाशी जे म्हणालास ना, ते परत घे. हसू नकोस. आधी परत घे."