पाय रबराचे की स्प्रिंगचे?

मुलुंडला हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी एक नवरा-बायको. बाईंचा पाय प्लास्टरमध्ये, नवऱ्याचं डोकं मोबाइलमध्ये.

"शुभा, पाय रबराचे घेऊ की स्प्रिंगचे?"

"अहो, हळू बोला! लोकांना वाटेल, माझेच बदलताय."

"रेकॉर्ड प्लेअरला गं. रबराचे ठीक आहेत, पण स्प्रिंगवाले जमिनीचा हादरा वर जाऊच देत नाहीत."

"टेनिसचे दोन बॉल अर्धे कापून खाली ठेवा. झालं काम."

"तुला मस्करी सुचतेय. तू किचनमधून हॉलमध्ये आलीस की सुई उडते."

"म्हणजे मी हत्तीण?"

"मी कुठे म्हटलं? बिल्डिंगच जुनी आहे."

"सत्तावीस वर्षं बिल्डिंगवरच ढकलताय. आणि हल्ली उडते का सुई?"

"नाही. दीड महिन्यात एकदाही नाही."

"मग कशाला हवेत नवे पाय?"

"आज प्लास्टर निघतंय ना तुझं."

"स्प्रिंगवालेच घ्या. मी चांगली दणदणत चालणार आहे."