कान ठणठणीत

धरमपेठेतल्या कानाच्या दवाखान्यात मिनलचे डोळे मोबाइलवर होते अन् कान शेजारच्या नवरा-बायकोकडे.

"टॉवरवरून विमानं उतरवणाऱ्या माणसाले ऑफिसनं कान तपासाले काहून पाठवलं?"

"पायलटले मी सांगितलं, पाच हजार फुटांवरच राहा. त्यानं नियमाप्रमाणं परत म्हणून दाखवलं, तीन हजार. मी बरोबर म्हटलं."

"ऐकू नाही आलं?"

"आलं वं. पण रोज बरोबरच म्हणतात, म्हणून ध्यान नाही राहत."

"खाली दुसरं विमान होतं?"

"होतं. थोडक्यात निभावलं."

"डॉक्टर तर म्हणते, कान ठणठणीत आहेत."

"हूं."

"उद्यापासून माही माय आपल्याकडं राहाले येऊन राहिली. कायमची."

"बरोबर."

बाई मिनलकडे वळली. "ताई, तुम्ही ऐकलं नं?"

"शब्द न् शब्द."